एमक्यूटीटीवर विहिरीची मोटर: 'चालू'चा निरोप रिटेन करायचा का?

विहीरवाला

मंडळी, ईएसपी३२ (वायफायवाला छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड) वरून रिले (विजेवर चालणारा स्विच) हलवण्याच्या धाग्यात दोघातिघांनी सल्ला दिला होता, "निरोपाला रिटेन लावा, म्हणजे बोर्ड रीस्टार्ट झाला तरी शेवटची स्थिती परत मिळते." दिव्यापंख्यापुरतं ते चालून जाईल. मोटरीला हे करू नका, एवढंच सांगायला हा वेगळा धागा काढतोय.

ज्यांनी एमक्यूटीटी (यंत्रांनी एकमेकांना निरोप पाठवायची पद्धत) वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोबाईल आणि मोटरीवरचा बोर्ड एकमेकांशी थेट बोलत नाहीत, दोघंही मधल्या ब्रोकरला, म्हणजे निरोप वाटणाऱ्या सर्व्हरला, जोडलेले असतात. 'शेत/विहीर/मोटर/हुकूम' या टॉपिकवर काही आलं तर मला दे, असं बोर्ड ब्रोकरला सांगून ठेवतो. हे सबस्क्राइब. मोबाईल त्या टॉपिकवर 'चालू' पाठवतो. हे पब्लिश. कोण ऐकतंय याच्याशी पाठवणाऱ्याला देणंघेणं नसतं. शेतात याचा फायदा असा की सिमवरच्या इंटरनेटला सहसा बाहेरून गाठता येईल असा स्वतःचा पत्ता नसतो, त्यामुळे बोर्डवरच वेबसर्व्हर बसवला तर तो घरून उघडतच नाही. इथे बोर्ड स्वतः ब्रोकरकडे जाऊन जोडणी उघडतो आणि धरून ठेवतो.

आता मुद्दा. रिटेन म्हणजे सोसायटीच्या फळ्यावर लावलेली सूचना. ब्रोकर त्या टॉपिकवरचा शेवटचा रिटेन निरोप जपून ठेवतो आणि नवीन कुणी सबस्क्राइब केलं की लगेच त्याला देतो. हुकुमाच्या टॉपिकवर हे झालं तर काय होतं बघा. सकाळी तुम्ही 'चालू' पाठवलं. दुपारी थ्री फेज गेली, मोटर बंद, बोर्डही बंद. रात्री लाइट आली. बोर्ड उठला, नेटवर्क शोधलं, सबस्क्राइब केलं, आणि ब्रोकरने सकाळचा 'चालू' त्याच्या हातावर ठेवला. मोटर सुरू, तुम्ही झोपेत. फूट व्हॉल्व्ह (सक्शन पाइपच्या तळाशी पाणी धरून ठेवणारी झडप) गळका असेल तर सक्शन पाइप तोवर रिकामा झालेला असतो आणि मोटर कोरडी फिरत बसते. किंवा त्याहून वाईट म्हणजे कुणीतरी तिथे पॅनल उघडून फ्यूज बसवत असतं.

गंमत म्हणजे हे संरक्षण साध्या डीओएल स्टार्टरमध्ये (हिरव्या-लाल बटणांच्या नेहमीच्या पेटीत) आयतं असतं. हिरवं बटण दाबलं की कॉन्टॅक्टरची (मोटरीची वीज जोडणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल ओढते आणि आपल्याच एका पॉइंटवरून स्वतःला धरून ठेवते. वीज गेली की कॉइल सुटते. वीज परत आली तरी कुणी हिरवं बटण दाबेपर्यंत मोटर लागत नाही. म्हणून एक रिले हिरव्या बटणाला समांतर जोडायचा, तो सेकंदभर ओढून सोडायचा. दुसरा लाल बटणाच्या सिरीजमध्ये, तो सेकंदभर तोडायचा. बोर्ड जळाला तरी स्टार्टर हाताने चालतोच. एकच रिले सतत ओढून ठेवायची जोडणी केली की ही सोय गेली. (हे काम ४१५ व्होल्टचं आहे. वायरमनला बोलवा, व्हिडिओ बघून हात घालू नका.)

माझ्याकडे तीन टॉपिक आहेत. 'हुकूम'ला रिटेन नाही म्हणजे नाही. 'स्थिती'ला रिटेन आहे, कारण ॲप उघडल्या उघडल्या मोटर चालू आहे की बंद ते दिसायला हवं. तिसरा 'हजेरी'. बोर्ड जोडला जाताना ब्रोकरकडे लास्ट विल ठेवतो, की माझा संपर्क अचानक तुटला तर माझ्या वतीने 'गैरहजर' असं जाहीर कर. तोही रिटेन. कीप-अलाइव्ह (बोर्डाने 'मी आहे' असं कळवत राहायची मुदत) ६० सेकंद ठेवलाय. ब्रोकर त्याच्या दीडपट वाट बघतो, म्हणजे बोर्ड गेल्याचं दीड मिनिटात कळतं.

ज्यांनी आधीच हुकुमाला रिटेन लावलंय, त्यांनी त्याच टॉपिकवर रिकामा निरोप रिटेनसकट पाठवावा. ब्रोकरवरची जुनी नोंद पुसली जाते.

नांगरट

राव, आमच्या शिवारात निम्म्या स्टार्टरांवर ऑटो स्विच आहे. लाइट आली की मोटर आपोआप लागते, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात लोकांना तेच हवं असतं. मग ब्रोकरने लावली तर एवढं काय बिघडलं? आणि मिस्ड कॉलवर चालणारा मोबाईल स्टार्टर बाजारात तयार मिळतो. त्यात ना ब्रोकर, ना टॉपिक.

विहीरवाला

नांगरटदादा, एका मोटरीला मोबाईल स्टार्टर पुरतो, वाद नाही. माझं गणित वेगळं आहे. विहिरीतून शेततळ्यात आणि शेततळ्यातून ठिबकला अशा दोन मोटरी, शेततळ्यात पातळीचा सेन्सर. तळं भरलं की विहिरीची मोटर बंद व्हावी, तळं तळाला गेलं की ठिबकची. सेन्सर पातळी जाहीर करतो, ती दोन्ही मोटरींचे बोर्ड ऐकतात आणि माझा मोबाईलही. उद्या भावाने त्याच्या फोनवर बघायचं म्हटलं तर आधीच्या कुणाच्याच प्रोग्रामला हात लावावा लागत नाही.

ऑटो स्विचचं म्हणाल तर तो तुम्ही जाणूनबुजून लावता, लावलाय हे शेजाऱ्यालाही माहीत असतं. रिटेनने तोच प्रकार तुमच्या नकळत होतो. आपोआप सुरू करायचीच असेल तर ते बोर्डच्या प्रोग्राममध्ये उघड लिहा: तिन्ही फेज आल्यात का बघ, व्होल्टेज स्थिरावू दे, मग काही मिनिटं मागेपुढे करून लाव. एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी लाइट आल्या क्षणी एकदम लागल्या की व्होल्टेज कसं कोसळतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल.

सिडनीकर_प्रिया

छान लिहिलंय. आमच्याकडे घरातले सगळे स्विच टास्मोटावर (स्विचमध्ये चढवायचा तयार प्रोग्राम) आणि वर होम असिस्टंट (घरातली सगळी यंत्रं एका जागेवरून चालवणारं). टास्मोटामध्ये ही विभागणी मुळातच आहे, हुकूम 'कमांड'च्या शाखेवर, उत्तर 'स्टेट'च्या शाखेवर आणि ठराविक वेळाने येणारी माहिती 'टेली'च्या शाखेवर. मी आत्तापर्यंत ती तीन नावं नुसती सवयीने टाइप करत होते.

एक शंका. हुकूम क्यूओएस (निरोप पोचण्याच्या हमीची पातळी, ० ते २) २ ने पाठवला तर तो नक्की एकदाच पोचतो ना? मग रिटेनची गरजच काय?

अर्धवट इंजिनिअर

प्रियाताई, इथेच बऱ्याच जणांचा घोळ होतो. क्यूओएस पाठवणारा ते ब्रोकर आणि ब्रोकर ते ऐकणारा असा दोन टप्प्यांत वेगवेगळा ठरतो. तुम्ही २ ने पाठवलंत आणि बोर्डाने ० ने सबस्क्राइब केलं असेल, तर दुसऱ्या टप्प्यात ० च. दोन्हीतला जो कमी तो लागू. आणि पलीकडे कुणी सबस्क्राइब केलेलंच नसेल तरी ब्रोकर तुम्हाला आनंदाने पोचपावती देतो. ती 'ब्रोकरला मिळालं' याची पावती आहे. मोटर फिरली याची नव्हे.

अर्डुइनोवाले सहसा पबसबक्लायंट ही लायब्ररी (एमक्यूटीटीचा तयार कोड) घेतात. तिच्यातून पब्लिश फक्त क्यूओएस ० ने होतं, सबस्क्राइब ० किंवा १ ने. म्हणजे २ चा प्रश्न तिथेच मिटला. ॲमेझॉनच्या आयओटी सेवेतही क्यूओएस २ नाही.

क्यूओएस १ म्हणजे 'किमान एकदा', दोनदाही येऊ शकतो. म्हणून हुकूम कधीही 'उलट कर' या प्रकारचा नसावा. 'चालू' दोनदा आला तर काही बिघडत नाही. 'उलट कर' दोनदा आला की दिवा लागून विझतो आणि तुम्ही रात्रभर वायरिंग तपासत बसता.

आता विहीरवाल्यांनी न सांगितलेला दुसरा सापळा. रिटेन नाही लावलं, पण बोर्ड क्लीन सेशन बंद ठेवून (म्हणजे मी नसताना माझी नोंद सांभाळ, असं ब्रोकरला सांगून) जोडला आणि सबस्क्राइब क्यूओएस १ ने केलं, तर बोर्ड गैरहजर असताना क्यूओएस १ ने आलेले हुकूम ब्रोकर त्याच्यासाठी साठवून ठेवतो. मोटर का लागत नाही म्हणून तुम्ही चालू, बंद, चालू, चालू असं दाबत राहता. तासाभराने बोर्ड परत आला की सगळे ओळीने त्याच्या अंगावर. परिणाम रिटेनसारखाच, किंबहुना जास्त धांदलीचा. मोटरीसाठी क्लीन सेशन चालूच ठेवा. एमक्यूटीटी ५ मध्ये निरोपाला मुदत देता येते, इतक्या सेकंदांनंतर देऊ नकोस म्हणून. तुमची लायब्ररी ३.१.१ या जुन्या आवृत्तीचीच असेल तर हुकुमातच वेळ लिहा आणि बोर्डाने जुना हुकूम फेकून द्यावा.

तार_मास्तर

माझी नोकरी स्काडात (दूरची यंत्रं केंद्रातून बघायची आणि चालवायची व्यवस्था) गेली, म्हणून थोडं मागचं सांगतो. हा प्रोटोकॉल घरातल्या दिव्यांसाठी जन्मलाच नव्हता. १९९९ साली आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्कॉमचे आर्लेन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनींवर नजर ठेवण्यासाठी तो बांधला. दूरच्या स्टेशनांचा संपर्क उपग्रहावरून, तोही महाग आणि बेभरवशाचा. जुनी पद्धत अशी की मुख्य केंद्र प्रत्येक स्टेशनला पुन्हा पुन्हा विचारणार, काय चाललंय, काय चाललंय. त्याऐवजी स्टेशनने बदल झाला तरच सांगावं आणि निरोपाचा बोजा कमीत कमी असावा, हा विचार. म्हणूनच त्याचा ठराविक हेडर (निरोपाच्या आधी लागणारी नोंद) दोन बाइटांपासून सुरू होतो. आणि म्हणूनच लास्ट विल मुळापासून आहे, स्टेशन गप्प आहे ते बदल नाही म्हणून की लाइनच तुटली म्हणून, हे कळायला नको? २०१४ मध्ये ३.१.१ ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक झालं, २०१६ मध्ये आयएसओचं, आणि ५.० आलं २०१९ मध्ये. स्टॅनफर्ड-क्लार्क साहेबांनी पुढे आइल ऑफ वाइटवरचं स्वतःचं घरही यावर आणलं आणि ते घर आपला वीजवापर ट्विटरवर सांगत असे. हौसेला मोल नाही.

दिव्यांच्या आणि मोटरींच्या हुकुमांत आम्ही कायम फरक केला. सबस्टेशनमधला ब्रेकर दूरवरून ओढायचा तर एका हुकुमात ओढायचा नाही. आधी 'निवड' पाठवायची, तिकडून 'हाच ना?' असं उत्तर येणार, मग ठराविक वेळात 'कर' पाठवायचं. वेळ टळली की निवड रद्द. तुमच्या पाच एचपीला एवढा थाट नको म्हणाल, पण दोन मोटरी असलेल्या शेतात चुकीची मोटर लावायला एक अंगठा पुरतो. ॲपमध्ये निदान 'विहिरीची मोटर चालू करू?' एवढं विचारा.

चिंगी

माझा प्रश्न जरा बाळबोध आहे. विहिरीवरचा बोर्ड नीट चालत होता म्हणून तोच प्रोग्राम शेततळ्यावरच्या दुसऱ्या बोर्डात चढवला, टॉपिक बदलले. तेव्हापासून दोन्ही बोर्ड सारखे हजर-गैरहजर होतायत. रेंज भरपूर आहे. सिम बदललं, अँटेना बदलला.

अर्धवट इंजिनिअर

चिंगी, दोघांचा क्लायंट आयडी (ब्रोकरला सांगायचं बोर्डाचं नाव) एकच राहिलाय. एका नावाचा दुसरा क्लायंट आला की ब्रोकर पहिल्याला हाकलतो. हाकललेला पुन्हा जोडायला येतो, मग दुसरा जातो. आयडीत चिपचा मॅक पत्ता (प्रत्येक चिपचा वेगळा क्रमांक) घाल, म्हणजे प्रोग्राम कितीही बोर्डांत चढवला तरी नाव वेगळं राहील.

चिंगी

झालं!! दोन्ही शांत. सिमचे पैसे कोण देणार आता 😄

बागाईतकर

टॉपिकची नावं इथे सगळे देवनागरीत लिहितायत, ती इथल्यापुरती की खरंच चालतात?

विहीरवाला

खरंच चालतात, माझी तीच आहेत. टॉपिक यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) असतो. फक्त देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रा-वेलांटीसकट. पबसबक्लायंटची पाकिटाची मर्यादा न बदलता २५६ बाइट आहे, त्यात टॉपिक, निरोप आणि हेडर सगळं आलं. 'शेत/विहीर/मोटर/स्थिती' एवढ्यालाच ५७ बाइट गेले. मर्यादा ओलांडली की ती लायब्ररी काही बोलत नाही, पब्लिशचं उत्तर तेवढं 'नाही' येतं आणि ते आपण तपासत नाही.

अर्धवट इंजिनिअर

आणि 'ऱ' पासून सावध! 'दुसऱ्या' मधला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एकच स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा साधा र आणि खाली नुक्ता. पडद्यावर दोन्ही सारखेच. ब्रोकर मात्र अक्षर अक्षर ताडून बघतो, त्याच्या लेखी ते दोन वेगळे टॉपिक. फोनच्या कीबोर्डवरून एक आणि लॅपटॉपवरून दुसरा गेला तर हुकूम हवेत. 'मोटर१', 'मोटर२' अशी नावं ठेवा आणि सुखी राहा.

शून्यप्रहर

इतका वेळ कुणी पासवर्डबद्दल बोललं नाही म्हणून मलाच यावं लागलं. ब्रोकर कुठे आहे तुमचा?

विहीरवाला

छोटा भाड्याचा सर्व्हर, त्यावर मॉस्किटो (ब्रोकरचं सॉफ्टवेअर). पासवर्ड आहे. टीएलएससुद्धा (निरोप गुप्त करून पाठवणं), ८८८३ पोर्टवर.

शून्यप्रहर

मग ठीक. लोक शिकताना मॉस्किटोचा सार्वजनिक चाचणी ब्रोकर वापरतात, इथवर हरकत नाही. पुढे तोच पत्ता खऱ्या मोटरीच्या प्रोग्राममध्ये तसाच राहतो. तिथे कुणीही नुसता हॅश (#) सबस्क्राइब केला की सगळ्यांचे सगळे टॉपिक दिसतात. ज्याला दिसतात तो त्यावर पाठवूही शकतो. तुमची मोटर फिनलंडमधला एखादा कंटाळलेला पोरगा लावेल आणि त्याला ते कळणारही नाही.

२०१८ मध्ये अव्हास्ट या अँटिव्हायरस कंपनीने शोध घेतला तेव्हा इंटरनेटवर उघडे दिसणारे एमक्यूटीटी सर्व्हर ४९ हजारांवर सापडले, आणि त्यांपैकी ३२ हजारांना पासवर्डच नव्हता. मॉस्किटोने २.० पासून स्वभाव बदलला. काही न सांगता सुरू केला तर तो फक्त त्याच मशीनवरून ऐकतो, आणि बाहेरचं दार उघडलं तरी निनावी माणसाला घेत नाही. यावर नेटवर जो 'उपाय' फिरतो तो म्हणजे निनावी प्रवेश पुन्हा चालू करणारी एक ओळ. ती ओळ टाकू नका. पासवर्डची फाइल बनवायला पाच मिनिटं लागतात.

पुढची पायरी एसीएल, म्हणजे कुणाला कुठल्या टॉपिकवर काय करता येईल त्याची यादी. शेततळ्याच्या सेन्सरला फक्त आपली पातळी जाहीर करायचा अधिकार, मोटरीच्या हुकुमावर लिहायचा नाही. शेतातला बोर्ड चोरीला गेला तर त्यातला पासवर्डही गेला असं धरा. आणि जुन्या ईएसपी८२६६ बोर्डवर टीएलएसला मेमरी फार ओढून ताणून पुरते, नवीन काम असेल तर सरळ ईएसपी३२ घ्या.

नांगरट

एवढं सगळं करून सर्व्हरवाल्याने दुकान बंद केलं तर?

शून्यप्रहर

दुसरा ब्रोकर घ्यायचा. गूगलने आपली आयओटी कोअर सेवा ऑगस्ट २०२३ मध्ये बंद केली, तेव्हा लोकांना जोडणी आणि ओळखपत्रांचा भाग बदलावा लागला, पण प्रोटोकॉल खुला असल्यामुळे यंत्रं भंगारात टाकावी लागली असं नाही. कंपनीच्या बंद ॲपवर चालणारा स्विच असता तर त्याचा दरवाजाला अडकवायला उपयोग.

विहीरवाला

आणि नांगरटदादा, ब्रोकर तासभर मेला तरी मोटरीचं काही वाईट होता कामा नये, हे माझं पहिल्यापासूनचं म्हणणं. ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेजिंगचं (एखादी फेज गेल्यावरचं) संरक्षण स्टार्टरच्या पेटीत. कोरडी चालली तर बंद करणं आणि सलग इतक्या तासांवर चालू न देणं बोर्डच्या प्रोग्राममध्ये. शेततळ्याची पातळी काही मिनिटं आलीच नाही, तर बोर्डाने मोटर बंद करायची. जुना आकडा खरा धरून चालवत बसायचं नाही. इंटरनेटवरून फक्त इच्छा कळवायची.

खरं सांगायचं तर घरात सगळ्यात जास्त वापर हुकुमाचा होतच नाही. बोर्डाला छोटी बॅटरी आहे, त्यामुळे लाइट गेली तरी तो जागा राहतो आणि तिन्ही फेज आल्या की 'शेत/वीज' वर सांगतो. आमचे वडील ॲपमध्ये तेवढंच बघतात. नुसती लाइट आली का हे बघायला रात्री बॅटरी घेऊन विहिरीवर जाणं बंद झालं, ते मोबाईलवरून मोटर लावण्यापेक्षा मोठं आहे.

बागाईतकर

सिमसाठी कुठलं मॉड्यूल? सिम८००एल दोनशे-तीनशेत मिळतंय.

अर्धवट इंजिनिअर

ते फक्त टूजी आहे, जिओचं सिम त्यात चालणार नाही. शिवाय निरोप पाठवताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढतं आणि सप्लाय कमजोर असला की रीस्टार्ट होत बसतं. ए७६७०सी बघा, फोरजी आहे आणि एमक्यूटीटीच्या कमांड मॉड्यूलमध्येच आहेत.

सिडनीकर_प्रिया

विहीरवाला, 'स्थिती' नेमकी कशावरून ठरवता? रिले ओढला की 'चालू' असं?

विहीरवाला

नाही. रिले ओढल्यावर मोटर लागलीच असं नाही, ओव्हरलोड ट्रिप असेल, एखादा फ्यूज गेला असेल. एका फेजवर सीटी (वायरीभोवती घालायची करंट मोजणारी कडी) घातलाय. करंट वाहतोय तर 'चालू', नाहीतर 'बंद'. त्यामुळे कुणी विहिरीवर जाऊन हाताने हिरवं बटण दाबलं तरी ॲपमध्ये बरोबर दिसतं. हुकूम देऊन दहा सेकंदांत करंट आला नाही तर स्थिती 'लागली नाही' अशी जाते.

बागाईतकर

कोरडी चालल्याचं पण त्याच सीटीवरून ओळखता का? किती अँपिअरला तोडायची?

विहीरवाला

त्याच सीटीवरून. पाणी नसलं की मोटरीवर भार नाही, करंट उतरतो. पण आकडा माझ्याकडून घेऊ नका. पाच एचपीची थ्री फेज मोटर भारावर साधारण सात-आठ अँपिअर घेते, तुमची रिवाइंड केलेली असेल, केबल लांब असेल, व्होल्टेज कमी असेल तर वेगळं येईल. क्लॅम्प मीटर लावून पाणी येत असतानाचा करंट आधी मोजा.

बागाईतकर

आणि कोरडीचा मोजायला मोटर मुद्दाम कोरडी चालवायची?

तार_मास्तर

अजिबात नको, सील जळेल. डिलिव्हरीचा गेट व्हॉल्व्ह काही सेकंद बंद करून बघा. नेहमीच्या सेंट्रिफ्यूगल पंपाचा करंट व्हॉल्व्ह बंद असताना चांगलाच उतरतो, कोरडीचा त्याहून खालीच असेल. त्या आकड्याच्या किंचित वर मर्यादा ठेवा. म्हणजे कुणी व्हॉल्व्ह बंद विसरून मोटर लावली तरी बोर्ड तोडेल, आणि तेही तुम्हाला हवंच आहे. सुरुवातीची पंधरा-वीस सेकंद मात्र सोडून द्या, पाइप भरेपर्यंत करंट स्थिर नसतो.

बागाईतकर

रविवारी मीटर घेऊन जातो, आकडे इथेच टाकतो. माझी सबमर्सिबल आहे, केबल तीनशे फूट.

तार_मास्तर

मग तिन्ही फेजचे वेगवेगळे टाका. आणि व्होल्टेज पण, मोटर चालू असतानाचं.